जुन्या मोटारींच्या बंपरची पुनर्घडण

कस्टम मोटार घडविणाऱ्या कारागिरांच्या दृष्टीने बंपर हा वाहनाचा सर्वांत अवघड भाग मानला जातो. दरवाजाच्या किंवा मडगार्डच्या पत्र्यातील लहानसहान दोष लांबी आणि रंगाखाली झाकता येतात. क्रोमच्या मुलाम्याखाली मात्र काहीच झाकले जात नाही. शिवाय कारखान्यातून आलेला जुना बंपर एकदा कापला की तो पुन्हा मूळ रूपात येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेल्या शतकाच्या मध्यास बहरलेल्या या कारागिरीचा, तिच्या तंत्राचा आणि आज तिच्यापुढे उभ्या असलेल्या प्रश्नांचा हा परिचय.

संरक्षक पट्टीपासून अलंकारापर्यंत

प्रारंभीच्या मोटारींना बंपर नव्हते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील रस्त्यांवर मोटारींची गर्दी वाढली, तेव्हा पुढे व मागे लवचिक पोलादाच्या आडव्या पट्ट्या बसविण्याची पद्धत रूढ झाली. अनेक मोटारींवर ही पट्टी मूळ किमतीत समाविष्ट नसे. ग्राहक ती वेगळे पैसे मोजून बसवून घेत. धक्का बसल्यावर पट्टी किंचित दबावी आणि दिवे, रेडिएटर व मडगार्ड सुरक्षित राहावेत, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्या काळी या पट्ट्यांवर निकेलचा मुलामा दिला जाई. तो लवकर काळवंडत असल्याने वारंवार घासावा लागे.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोमियमच्या मुलाम्याची व्यापारी उत्पादनास योग्य अशी पद्धत विकसित केली. पुढील काही वर्षांतच मोटार उद्योगाने तिचा स्वीकार केला आणि बंपरचे रूप पालटले. न काळवंडणारी, आरशासारखी झळकणारी ही पट्टी वाहनाच्या चेहऱ्याचाच भाग झाली. १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटारींमध्ये तर बंपर इतके रुंद, वळणदार आणि वजनदार झाले की त्यांत इंडिकेटर, धूर सोडण्याच्या नळ्या आणि तोफगोळ्यासारखे टोकदार उंचवटेही सामावले गेले. कॅडिलॅकच्या त्या काळातील मोटारी याचे ठळक उदाहरण होत.

या वैभवाला उतरती कळा लागली ती नव्या साहित्यामुळे आणि कायद्यामुळे. १९६८ च्या पाँटियॅक जीटीओ या मोटारीवर वाहनाच्या रंगाचा, युरेथेनचे आवरण असलेला बंपर आला. १९७३ च्या मॉडेलपासून अमेरिकी शासनाने ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने पुढून धडक बसली तरी दिवे व इंधनयंत्रणेसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होऊ नये, असे बंधन घातले. मागील बाजूस प्रथम ताशी अडीच मैलांची मर्यादा होती. पुढच्याच वर्षी ती ५ मैल करण्यात आली. परिणामी बंपर वाहनापासून बरेच पुढे आले आणि त्यांच्यामागे धक्के शोषणारी यंत्रणा बसली. १९८२ मध्ये ही वेगमर्यादा पुन्हा अडीच मैलांवर आणली गेली खरी. पण तोवर क्रोमच्या जाड बंपरचे युग संपत आले होते. आज कस्टम मोटारींसाठी घडविले जाणारे बंपर प्रामुख्याने १९३० ते १९७० च्या दशकांतील आहेत.

कॅलिफोर्नियातील कार्यशाळा

कारखान्यातून आलेल्या मोटारीचे रूप आपल्या आवडीनुसार बदलण्याची लाट कॅलिफोर्नियात दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पसरली. सॅक्रॅमेंटो येथील हॅरी वेस्टरगार्ड हे या परंपरेतील एक आद्य कारागीर. जॉर्ज बॅरिस व सॅम बॅरिस हे बंधू त्याच परिसरात वाढले आणि पुढे लॉस एंजेलिस परिसरातील त्यांची कार्यशाळा जगभर प्रसिद्ध झाली. छत कापून खाली आणणे, दरवाजांच्या मुठी काढून टाकणे, दिवे मडगार्डमध्ये खोलवर बसविणे आणि सांधे शिशाने भरून अखंड पृष्ठभाग साधणे ही या शैलीची लक्षणे होती. शिशाच्या याच वापरामुळे अशा मोटारींना पुढे ‘लेड स्लेड’ हे नाव पडले.

या शैलीत बंपर बदलणे जवळजवळ अपरिहार्य होते. वाहन खाली आणले, त्यावरील अनावश्यक नक्षी काढली, की मूळ बंपर त्यावर परका वाटू लागे. त्यावर तेथील कारागिरांनी शोधलेला पहिला उपाय म्हणजे दुसऱ्या मोटारीचा बंपर आणून बसविणे. १९३७ च्या डिसोटोचा आडव्या कंगोऱ्यांचा बंपर १९४० च्या दशकातील कस्टम मोटारींवर इतका लोकप्रिय होता की तो त्या काळाची खूणच मानला जातो. १९४६ च्या फोर्डचा आणि १९४९ च्या प्लायमथचा बंपरही अशाच प्रकारे अनेक परक्या मोटारींवर बसविला गेला. परंतु एका मोटारीचा बंपर दुसरीला क्वचितच नेमका बसतो. रुंदी वेगळी, टोकांचे वळण वेगळे, बोल्टची छिद्रे वेगळी. यातूनच बंपर कापून, वाकवून, जोडून नव्याने घडविण्याचे तंत्र विकसित झाले.

बदल कशासाठी?

जुन्या बंपरमध्ये केले जाणारे बदल स्थूलमानाने पाच प्रकारांत मोडतात. पहिला, लांबी कमी करणे. अनेक मूळ बंपर मडगार्डच्याही बाहेर डोकावतात. ते वाहनाच्या रुंदीशी जुळवून घेतले जातात. दुसरा, उंची कमी करणे. यात बंपरचा आडवा पट्टा मधून काढून वरचा व खालचा भाग पुन्हा जोडतात. तिसरा, वळण बदलणे, म्हणजे टोके आत घेऊन ती मडगार्डच्या रेषेला समांतर करणे. चौथा, पृष्ठभाग गुळगुळीत करणे. दर्शनी बाजूवरील बोल्टची छिद्रे, गार्डच्या जागा आणि तुकड्यांमधील सांधे यात बुजविले जातात. १९५५ ते १९५७ या काळातील शेव्हर्लेच्या अनेक बंपरमध्ये तीन तुकडे बोल्टने जोडलेले असतात. ते वेल्डिंगने एकसंध करणे हे या प्रकारातील नेहमीचे काम होय. पाचवा, बंपर वाहनाच्या जवळ आणणे. कारखान्यात उत्पादन करताना प्रत्येक मोटारीत थोडाफार फरक राहणार हे गृहीत धरून बंपर व पत्रा यांच्यात मोकळी फट सोडली जाई. कस्टम कारागीर ही फट अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरपर्यंत खाली आणतात. सामान्य प्रेक्षकाला नेमके काय बदलले ते सांगता येत नाही. पण मोटार अधिक रेखीव दिसते.

कापण्यापूर्वीची तयारी

अनुभवी कारागीर बंपरला हात लावण्याआधी वाहनाचा पत्रा पूर्ण करतात. बॉनेट, मडगार्ड, डिकी यांच्यातील फटी समान झाल्याशिवाय बंपर कशाशी जुळवायचा हेच ठरत नाही. त्यानंतर मोटारीची मध्यरेषा ओळंबा व दोरीच्या साहाय्याने जमिनीवर उतरविली जाते. डाव्या व उजव्या बाजूची मापे एकमेकांशी न ताडता या मध्यरेषेपासून घेतली जातात. जुन्या मोटारी कारखान्यातूनही दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारख्या क्वचितच निघत. त्यात कित्येक वर्षांतील अपघात व दुरुस्त्यांची भर पडलेली असते. नियोजित बंपरचा आकार प्रथम पुठ्ठ्यात कापून, चिकटपट्टीने वाहनावर लावून पाहिला जातो. चार-सहा पावले मागे जाऊन, खाली बसून, तिरक्या कोनातून तो पाहावा लागतो. पुठ्ठ्यातील चूक काही पैशांत दुरुस्त होते, पोलादातील होत नाही.

दुसरी तयारी म्हणजे जुना मुलामा उतरविणे. हे काम मुलामा देणाऱ्या कारखान्यातच होते. विजेचा प्रवाह उलट दिशेने सोडून किंवा आम्लाच्या साहाय्याने क्रोम, निकेल आणि तांब्याचे थर काढले जातात. ही पायरी टाळून थेट वेल्डिंग करणे दोन कारणांनी घातक ठरते. क्रोम व निकेल वितळलेल्या धातूत मिसळल्याने सांधा सदोष होतो, हे एक. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. क्रोमवर वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे षट्‌संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. मुलामा असलेल्या पट्टीवर हातोडा चालविल्यासही क्रोमला भेगा पडून त्याचे पोपडे सुटतात.

मुलामा उतरला की बंपरची खरी प्रकृती समोर येते. वरून चकचकीत दिसणाऱ्या पट्टीच्या मागील बाजूस गंजाने खोल खड्डे पाडलेले असतात. जुन्या डेंटरने भरलेले पितळ, बुजविलेल्या चिरा, वाकून सरळ केलेली टोके सारे उघडे पडते. काही वेळा येथेच बंपर बाद ठरवावा लागतो.

कापणी आणि जोडणी

बंपरचा पत्रा मोटारीच्या अंगाच्या पत्र्यापेक्षा कितीतरी जाड, साधारणपणे दोन ते तीन मिलीमीटर असतो. तो हातोड्याने सहज वळत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून किंवा हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून त्याला आकार द्यावा लागतो. अगदी जुन्या लवचिक पोलादाच्या पट्ट्यांना कारखान्यात पाणी दिलेले असते. त्या अतितापल्या तर त्यांचा लवचिकपणा जातो.

लांबी कमी करताना टोके छाटली जात नाहीत, कारण सर्वांत मौल्यवान वळण टोकांनाच असते. तुकडा मधल्या भागातून काढला जातो. हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण बहुतेक बंपर सरळ नसून कमानीसारखे असतात. उदाहरणार्थ, १८० सेंटीमीटर लांबीचा आणि मध्यभागी १० सेंटीमीटर पुढे आलेला बंपर घेतला आणि त्याच्या मध्यातून १० सेंटीमीटरचा तुकडा काढून कापलेल्या कडा तशाच भिडवल्या, तर मध्यभागी सुमारे दीड अंशाचा कोन तयार होतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. परंतु मुलामा चढल्यावर त्यात पडलेले विजेच्या दिव्याचे प्रतिबिंब नेमके तेथेच मोडते. तो कोन घालविण्यासाठी दोन्ही भाग किंचित फिरवले, तर टोके सुमारे एक सेंटीमीटरने वाहनापासून दूर जातात. म्हणजे लांबी बदलली की कमान आणि टोके ही दोन्ही पुन्हा घडवावी लागतात. म्हणूनच अनेक कारागीर मध्यावर एकच छेद न घेता, दोन्ही बाजूंना मध्यापासून समान अंतरावर, वळण सर्वांत सौम्य असेल तेथे दोन छेद घेतात. त्यामुळे मध्यभागाचा डौल आणि नंबर प्लेटची जागा अबाधित राहते.

टोकांचे वळण वाढविण्यासाठी बंपरच्या वरच्या व खालच्या दुमडीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचा पाडल्या जातात. दर्शनी पृष्ठभाग न कापता, या खाचा मिटेपर्यंत टोक आत वळविले जाते आणि मग खाचांच्या कडा वेल्डिंगने जोडल्या जातात. एका मोठ्या खाचेऐवजी अनेक लहान खाचा घेतल्यास वळण एकसारखे येते, एका ठिकाणी मुडपल्यासारखे दिसत नाही.

जोडणीसाठी आर्गॉन वायूच्या आवरणातील टिग वेल्डिंगला पसंती दिली जाते. या पद्धतीचा सांधा तुलनेने मऊ असल्याने तो हातोड्याने ठोकता व कानशीने घासता येतो. वायर सुटणाऱ्या मिग यंत्राचा सांधा कठीण होतो. घासताना भोवतालचा पत्रा आधी झिजतो आणि सांधा उंचवट्यासारखा उरतो. वेल्डिंग कोणतेही असो, ते पत्र्याच्या पूर्ण जाडीतून आरपार व्हावे लागते, कारण वरचा भाग नंतर घासून सपाट केला जाणार असतो. उष्णतेने पट्टी पिळवटू नये यासाठी आधी ठिकठिकाणी टाके देऊन, मग आलटून पालटून लहान टप्प्यांत सांधा पूर्ण करतात. काम चालू असताना बंपर भक्कम चौकटीला किंवा प्रत्यक्ष मोटारीलाच बांधून ठेवला जातो.

यानंतरचे काम सर्वांत कष्टाचे आणि वेळखाऊ. पत्र्याच्या कामात शेवटी उरलेले खड्डे लांबीने भरतात. बंपरला लांबी चालत नाही. ती वीजवाहक नसल्याने तिच्यावर मुलामा धरत नाही आणि मुलाम्याच्या टाक्यांतील रसायनेही ती सहन करू शकत नाही. खड्डा ठोकून वर आणावा लागतो किंवा वेल्डिंगने, क्वचित चांदीमिश्रित डाग देऊन धातूनेच भरावा लागतो. मग कानस आणि खरखरीत पॉलिश पेपरपासून क्रमाक्रमाने बारीक पेपरपर्यंत घासणी चालते. पृष्ठभागावर पाणी किंवा पातळ तेल पसरून त्यातील ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची रेषा अखंड सरकते का, हे पाहणे ही जुनी आणि खात्रीची परीक्षा होय.

फट, ब्रॅकेट आणि चाचणी

बंपर वाहनाच्या जवळ घ्यायचा तर त्याला चेसिसशी जोडणारे ब्रॅकेटही नव्याने घडवावे लागतात. दर्शनी बाजूची छिद्रे बुजविलेली असल्याने मागील बाजूस बोल्ट वेल्ड केले जातात आणि ब्रॅकेटमध्ये लांबट छिद्रे ठेवली जातात, जेणेकरून शेवटी सूक्ष्म फेरजुळणी करता यावी. येथे उत्साहाला आवर घालणे आवश्यक असते. जुन्या मोटारींत अंग आणि चेसिस यांच्यामध्ये रबरी गाद्या असतात. खड्ड्यांतून जाताना दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. बंपर चेसिसला आणि मडगार्ड अंगाला जोडलेले असल्याने फट फारच कमी ठेवली तर नवा रंग पहिल्याच प्रवासात खरवडला जातो. डिकी व बॉनेट पूर्ण उघडतात का, रेडिएटरला हवा मिळते का, धुराच्या नळीची उष्णता बंपरला लागते का, हेही आधीच तपासावे लागते.

सुरक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट असावी. क्रोमच्या जुन्या पट्टीची रचना आजच्या बंपरप्रमाणे धडकेची ऊर्जा शोषून घेण्यासाठी केलेली नव्हती. तिच्या मागील मोकळी जागा हाच तिचा काय तो बचाव होता. ती जागा काढून घेतल्यावर पार्किंगमधील हलका धक्काही थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो. कस्टम मोटारीच्या मालकाने हे जाणूनच तो बदल स्वीकारायचा असतो.

मुलाम्याचे गणित

पूर्ण घडविलेला बंपर पुन्हा मुलाम्याच्या कारखान्यात जातो. प्रथम तांब्याचा थर दिला जातो. तो घासून पॉलिश केला जातो आणि सूक्ष्म ओरखडे बुजेपर्यंत ही क्रिया प्रसंगी अनेकदा केली जाते. रंगकामात जे काम प्रायमरचे, तेच येथे तांब्याचे. त्यावर निकेलचा थर येतो आणि सर्वांत शेवटी क्रोम.

अनेकांना ठाऊक नसलेली बाब अशी, की बंपरची आरशासारखी झळाळी मुख्यतः क्रोमची नसून निकेलची असते. निकेलचा थर साधारणपणे २० ते ३० मायक्रॉनचा असतो. क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी. क्रोम निकेलला काळवंडू देत नाही आणि त्या झळाळीला निळसर छटा देतो. त्यामुळे स्वस्तात केलेल्या कामात खालचे तांबे व निकेल पातळ ठेवले, तर नव्याने दिलेला क्रोम दिसायला उत्तम असला तरी दोन-तीन पावसाळ्यांत त्यातून गंजाचे ठिपके वर येतात.

लवचिक पोलादाच्या जुन्या पट्ट्यांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. आम्लात आणि मुलाम्याच्या टाकीत असताना कठीण पोलाद हायड्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ बनते. मुलामा दिल्यानंतर लगेचच अशी पट्टी सुमारे १९० अंश सेल्सिअसवर काही तास भट्टीत ठेवल्यास हा हायड्रोजन बाहेर पडतो. हे न केल्यास धडधाकट दिसणारी पट्टी अकस्मात तडकू शकते.

झळाळीची किंमत

पारंपरिक क्रोम मुलाम्याच्या टाकीत वापरले जाणारे हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे केवळ वेल्डिंगच्याच वेळी त्रासदायक ठरते असे नाही. टाकीवर उठणाऱ्या सूक्ष्म तुषारांमधून ते कामगारांच्या फुप्फुसांत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याचा समावेश मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांमध्ये केला. दीर्घकाळ या टाक्यांवर काम करणाऱ्यांच्या नाकातील पडद्याला छिद्र पडणे ही या व्यवसायातील जुनी, परिचित व्याधी आहे. अमेरिकेत २००६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेत प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविण्यात आली. भारतात सांडपाण्यातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी प्रति लिटर ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

या कारागिरीच्या जन्मभूमीत, कॅलिफोर्नियात, मे २०२३ मध्ये तेथील वायुसंसाधन मंडळाने याहून कठोर पाऊल उचलले. शोभेच्या मुलाम्यासाठी या रसायनाच्या वापरावर १ जानेवारी २०२७ पासून बंदी आणणारा नियम संमत झाला. विशिष्ट अटी पाळणाऱ्या उद्योगांना २०३० पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. पर्याय म्हणून पुढे आलेला ट्रायव्हॅलंट, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियमचा मुलामा १९७० च्या दशकापासून वापरात आहे आणि तो तुलनेने बराच कमी विषारी आहे. जुन्या मोटारींच्या चाहत्यांचा आक्षेप त्याच्या छटेला आहे. त्याची झाक पारंपरिक निळसर क्रोमपेक्षा किंचित गडद असते आणि एकाच मोटारीवरील जुन्या व नव्या भागांतील फरक जाणकारांना दिसतो. लहान कारखान्यांना नव्या पद्धतीसाठी करावा लागणारा खर्च हाही वादाचा मुद्दा आहे. तथापि, आरशातील निळ्या छटेचे मूल्य टाकीशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासाहून अधिक मानता येणार नाही, हेही तितकेच खरे.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्राला अमेरिकन बंपर अपरिचित नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लर समूहाच्या डॉज, डिसोटो व प्लायमथ या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. ज्या प्लायमथ व डिसोटोचे बंपर कॅलिफोर्नियात इतर मोटारींवर चढविले जात होते, त्याच नावांच्या मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर धावत होत्या. पुढे त्याच कारखान्यातून आलेल्या फिएट आणि पद्मिनीचे क्रोम बंपर कित्येक दशके शहराच्या ओळखीचा भाग राहिले. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. काल-परवापर्यंत भंगारात सहज मिळणारे हे बंपर आता जपण्याजोगे झाले आहेत.

भारतात अशा बदलांना कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. बंपरच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या क्रॅश गार्डवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाईचे आदेश दिले, कारण ते पादचाऱ्यांना आणि वाहनातील प्रवाशांनाही धोकादायक ठरतात. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्याखाली ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चेसिस, बॉडी व इंजिनमध्ये मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही अट आहे. म्हणूनच ज्यांना आपल्या मोटारीची अशी नोंदणी करावयाची आहे, त्यांनी कटर हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घेणे हिताचे.

जपावा की घडवावा?

मूळ स्वरूप जपणारे आणि नवे रूप घडविणारे यांच्यातील वाद जुना आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की कारखान्यातून आलेला प्रत्येक भाग हा इतिहासाचा पुरावा आहे. तो कापणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. दुसऱ्या पक्षाकडेही भक्कम उत्तर आहे. बॅरिस बंधूंनी १९५२ मध्ये बॉब हिरोहाता यांच्यासाठी घडविलेली १९५१ ची मर्क्युरी ही मोटार छतापासून नक्षीपर्यंत कापून-जोडून बदललेली होती. तीच मोटार २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत समाविष्ट झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. कापलेली मोटारही वारसा ठरू शकते, हे तिने सिद्ध केले.

परंतु हा दाखला देताना एक फरक विसरता येत नाही. १९५२ मध्ये ती मर्क्युरी अवघ्या एका वर्षाची होती आणि तिच्यासारख्या असंख्य मोटारी रस्त्यावर धावत होत्या. कापलेला बंपर फसला तर दुसरा सहज मिळत असे. आज त्यातील प्रत्येक चांगला बंपर हा उरलेल्या मोजक्यांपैकी एक आहे. यावर जबाबदार कारागिरांनी काढलेला मार्ग व्यवहार्य आहे. शेव्हर्ले किंवा मस्टँगसारख्या लोकप्रिय मोटारींसाठी नव्याने बनविलेले बंपर बाजारात मिळतात. कापण्यासाठी ते वापरावेत. ते मिळत नसतील तर अपघातात मोडलेले, गंजलेले, अन्यथा वितळवले जाणारे दोन बंपर घेऊन त्यांतील चांगल्या भागांपासून एक घडवावा. धडधाकट मूळ बंपर मात्र तेल लावून, कापडात गुंडाळून, ब्रॅकेट व बोल्टसह जपून ठेवावा. मोटार पुढच्या मालकाकडे जाईल तेव्हा तोही तिच्यासोबत जावा. असे केल्यास आजच्या मालकाची हौस पूर्ण होते आणि उद्याच्या मालकाला निवडीचा हक्क शिल्लक राहतो.

बंपर कापण्यापूर्वी

● वाहनाचा पत्रा व फटी पूर्ण झाल्यावरच बंपरचे माप घ्यावे. मापे मध्यरेषेपासून घ्यावीत.

● पुठ्ठ्याचा नमुना वाहनावर लावून निदान दोन-तीन दिवस निरनिराळ्या प्रकाशात पाहावा.

● क्रोम उतरविल्याशिवाय वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करू नये. काम मोकळ्या हवेत, योग्य मास्क वापरून करावे.

● खड्डे लांबीने न भरता धातूनेच भरावेत. बंपरला क्रोमऐवजी रंग द्यावयाचा असेल तर मात्र लांबी चालू शकते.

● मुलाम्यासाठी देण्यापूर्वी बंपर वाहनावर पूर्ण आवळून बसवून पाहावा. मुलाम्यानंतर वेल्डिंग किंवा हातोडा चालत नाही.

● मुलामा देणाऱ्याशी तांबे व निकेलच्या थरांबाबत आधीच बोलून घ्यावे. पट्टी लवचिक पोलादाची असल्यास तसे सांगावे.

● मूळ बंपर, ब्रॅकेट आणि बोल्ट यांची छायाचित्रे व मापे नोंदवून ठेवावीत.